सांगितलेली किंमत

जुनी मोटार घ्यायची म्हणतो, असे मी घरात प्रथम बोललो तेव्हा सौ.ने एवढेच विचारले, "का? नव्या मिळत नाहीत का?"

मिळतात. पण मला हवी होती फियाट अकराशे. 1964 पासून कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून 'डिलाइट' नावाने निघालेली आणि पुढे 'पद्मिनी' झालेली. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. लहानपणी शेजारच्या काकांच्या अशाच गाडीत आम्ही पाच पोरे कोंबून बसत असू. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा वाटले, आता नाही तर कधीच नाही.

मी मराठीचा अध्यापक. मोटारीतले मला काय कळणार? पण जाहिराती वाचता वाचता ध्यानात आले की हा विषय माझाच आहे. 'किरकोळ काम बाकी' यातला 'किरकोळ' हे विशेषण नव्हे, तो अलंकार आहे. 'किंमत ठरलेली' म्हणजे घासाघीस करायला या. आणि 'डॉक्टरांची गाडी' हा तर निव्वळ रूढ संकेत!

बाकीचे शिक्षण गल्लीतल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी दिले. "सर, इंजिन दुरुस्त होतं. पत्रा सडला की खिसा सडला." म्हणून कापडात गुंडाळलेले लोहचुंबक बरोबर न्यायचे. पत्र्याला चिकटले तर पत्रा, गळून पडले तर आत पुट्टी. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागले, तर थंड इंजिन लवकर सुरू होत नाही हे लपवायला मालकाने आधीच चालवून ठेवले आहे. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल खाते. आणि शेवटी आर. सी. बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहायचा.

पहिली गाडी आरशासारखी चकचकीत होती. बॉनेट गरम, चुंबक दोनदा गळाले, आणि मालक प्रत्येक प्रश्नाला "त्याचं काही नाही हो" म्हणत होते. मी चहा पिऊन परतलो.

दुसरी सदाशिव पेठेत, 1968 सालची. मालक ऐंशीच्या घरातले गृहस्थ. बॉनेट थंडगार. मी विचारण्याआधीच ते सांगू लागले : "डावीकडचं दार खाली उतरलंय. दुसरा गिअर कुरकुरतो. मागची काच मूळची नाही." पेट्रोलच्या नि दुरुस्तीच्या नोंदींची वही त्यांनी पुढे केली. माझ्या यादीतला एकही प्रश्न उरला नाही.

"किंमत?"

"ऐंशी हजार."

मी गप्प झालो. अशा गाडीला दीड लाख सहज सांगतात, हे मी तीन महिने पाहत होतो. 2021 च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, हेही त्यांच्या कानावर नव्हते. किंमत जास्त सांगितली तर काय करायचे, ते मिस्त्रींनी शिकवले होते. कमी सांगितली तर काय करायचे, ते कोणीच शिकवले नव्हते.

"उद्या कळवतो," म्हणून घरी आलो. रात्री झोप लागेना. विकणाऱ्याने दोष लपवला तर तो लबाड. मग घेणाऱ्याने गुण लपवला तर तो कोण? सौ. म्हणाली, "वर्गात मुलांना काय सांगता?" प्रश्न साधा होता, म्हणूनच टोचला.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी सगळे सांगून टाकले. आता हे गहिवरतील, म्हणतील, 'तुमच्यासारख्यालाच गाडी द्यायची होती, ऐंशीच द्या.' निदान मनातल्या मनात मी तो प्रसंग रंगवला होता.

त्यांनी चष्मा पुसला. "असं होय? बरं झालं सांगितलंत. मग पंचवीस हजार वाढवून द्या."

एक लाख पाच हजार मोजून मी गाडी घरी आणली. त्या पंचवीस हजारांत ना नवे टायर आले, ना दाराचे बिजागर. दुसरा गिअर अजून कुरकुरतो. पण "केवढ्याला पडली?" असे कोणी विचारले की मी नजर न चुकवता आकडा सांगतो. आणि वाढदिवसाला त्या गृहस्थांना घेऊन चतुःशृंगीला जातो, तेव्हा ते पुढच्या सलग सीटवर माझ्या शेजारी अगदी निवांत बसतात.