सहा सह्यांचे घर

गोव्यातल्या कोरगावचे आमचे घर विकण्यासाठी एजंटशी केलेला सहा महिन्यांचा करार 2024 च्या गणेशचवथीत संपला. मार्चमध्ये मी सही केली तेव्हा एजंट म्हणाला होता, "ताई, पावसाआधी व्यवहार होईल." पाऊस आला, चिऱ्यांच्या भिंतींवर शेवाळ चढले, मागच्या पडवीचे नळे सरकले. गिऱ्हाईक मात्र ठरले नाही.

चवथीला आम्ही तिघे भावंडे या मूळ घरात जमायचो. त्या वर्षी आरती आटोपली आणि विषय निघालाच. धाकटा म्हणाला, दहा लाख उतरवू आणि मोकळे होऊ. थोरल्याचे म्हणणे, दुसरा एजंट बघू. जानेवारी 2023 मध्ये मोपाहून विमाने उडू लागल्यापासून पेडण्यात घर बघणाऱ्यांना तोटा नाही. दोघांचेही मला पटेना. माझ्या डोळ्यांसमोर डिचोली होती. मी लग्न होऊन तिथल्या मुळगावला आले. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये परत थांबल्या. ट्रक दारात गंजले, काहींनी घरे विकायला काढली आणि ती बघायलासुद्धा कोणी फिरकेना. तिथे गिऱ्हाईकच नव्हते. कोरगावला अकरा जण घर बघून गेले होते आणि त्यांतले चौघे दुसऱ्यांदा आले होते. घर मनात भरल्याशिवाय माणूस दुसऱ्यांदा येत नाही. मग ते मागे का फिरले, हे आम्ही एकालाही विचारले नव्हते.

म्हणून नवा करार करण्याआधी मी जुना करार काढून शब्दन् शब्द वाचला. त्यात एक कलम होते: एजंटने दाखवलेल्या गिऱ्हाइकाने मुदतीनंतर तीन महिन्यांच्या आत घर घेतले, तर दलाली द्यावी लागेल. सही करताना हे माझ्या नजरेतून सुटले होते. मी एजंटकडून त्या अकरा जणांची यादी लेखी मागून घेतली, किल्ली परत घेतली आणि इंटरनेटवरच्या जाहिराती काढायला लावल्या. जुनी किंमत लिहिलेली जाहिरात महिनोन् महिने तशीच राहिली, तर बघणाऱ्याला वाटते की या घरात काहीतरी खोट आहे.

मग त्या चौघांना फोन केले. किंमत जास्त वाटली, असे एकच जण म्हणाला. तिघांनी सांगितले, घर आवडले, पण वकिलाने थांबवले. त्यांतल्या एकाच्या म्हापशातल्या वकिलाकडे मी स्वतः गेले. त्यांनी आमच्या एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर बोट ठेवले. तिथे बाबांचेच नाव होते, आणि बाबांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. 2022 मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमले, तेव्हापासून गोव्यात मृत माणसाच्या नावावरचा उतारा बघितला की गिऱ्हाईक आधी घाबरते. त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. नवराबायकोची मालमत्ता सामाईक, वारसाने आलेलीसुद्धा, जोवर लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल. म्हणजे कोरगावच्या घरात आम्ही तीन भावंडेच नव्हतो, दोन्ही वहिन्या आणि माझा नवराही होता. सहापैकी एकाची सही राहिली तरी विक्री अडते. हे आम्हाला ऐकून माहीत होते. पण घर विकायला काढताना मी कोणाला बसवून विचारले नव्हते, आणि थोरल्या वहिनीच्या मनात ते विकायचेच नव्हते. लग्न होऊन ती या उंबऱ्यातून आत आली, आईचे शेवटचे दुखणे तिनेच काढले. घर बघायला माणसे येत तेव्हा ती तुळशीपाशी पाठ करून उभी राहायची. तिला समजावण्यात एक महिना गेला. तो महिना मला कागदपत्रांपेक्षा जड गेला. गणपती वास्कोला थोरल्याच्या घरी बसवायचा आणि आम्ही सगळ्यांनी तिथे जायचे, असे ठरले तेव्हा ती तयार झाली.

त्यानंतर पेडण्यात सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे सांगणारा दस्त, केले. भावंडांत भांडण असते तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसाच्या वाटपाचा खटला, घालावी लागली असती आणि वर्षे गेली असती. डीड हातात आल्यावर मामलेदार कार्यालयात म्युटेशन करून उताऱ्यावरचे नाव बदलले, पंचायतीत घरपट्टी आमच्या नावांवर आणली. परसातल्या जुन्या खोपीत मुंडकाराचा, म्हणजे मालकाच्या जागेत राहणाऱ्या कुळाचा, हक्क उरला नाही ना, हेही वकिलांकडून तपासून घेतले.

किमतीचा विचार सगळ्यांत शेवटी. आम्ही 85 लाख सांगत होतो ते समुद्रकाठच्या मोरजी-मांद्र्याचे बोललेले आकडे ऐकून. या वेळी गावात वर्षभरात प्रत्यक्ष नोंदणी झालेल्या खरेदीखतांचे आकडे वकिलांकडून काढवले आणि 74 लाख ठरवले. एका मूल्यांकनकाराकडून 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमतही लिहून घेतली, कारण इतक्या जुन्या वाडवडिलांच्या घरावरचा भांडवली नफ्याचा कर त्या आधाराने मोजता येतो. नळे परतून घेतले, भिंती धुतल्या आणि फोटो नोव्हेंबरच्या उन्हात काढले. पावसाळ्यातल्या फोटोंत आमचे घर खरोखरच उदास दिसत होते.

नवा एजंट घेतला तो तीन महिन्यांसाठी, आणि मुदतीनंतरच्या दलालीचे ते कलम काढून टाकून. 72 लाखांना घर गेले. घेणारे तेच जोडपे, ज्यांना वर्षापूर्वी वकिलाने थांबवले होते. पेडण्याच्या सबरजिस्ट्रार कार्यालयात त्या दिवशी विकणाऱ्यांच्या बाजूने आम्ही सहाजण रांगेत बसलो होतो, थोरली वहिनी सगळ्यांत पुढे. एजंटशी केलेल्या पहिल्या करारावर सही माझी एकटीची होती.