चोकची तार

आमची प्रीमियर पद्मिनी सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळतं. यंदा डिसेंबरात मात्र ती सुरू व्हायची आणि नुसतीच धापा टाकायची. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास, आणि प्लग काढून बघावेत तर चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखे काळेकुट्ट. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी नाकानेच निदान केलं. "चोक अडकलाय साहेब. तुम्ही आत ढकलताय, पण तो जात नाहीये."

गाडी १९८२ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि डॅशबोर्डाखाली चोकचा काळा नॉब. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं वाटेतच, मॅनिफोल्डच्या थंडगार भिंतींना चिकटून बसतं. एरवी एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण पंधरा भाग हवा पुरते, पण पहाटे हे गणित चालत नाही. पेट्रोलचा हात सैल सोडावा लागतो. चोक म्हणजे गळा दाबणं. काही कार्बोरेटरांत खरोखरच एक झडप हवेची वाट अडवते. आमच्या सोलेक्सची रीत निराळी. त्यात भोकं पाडलेली एक चकती फिरते आणि पेट्रोलची जास्तीची वाट उघडते. म्हणजे गळा दाबायचा नाही, उठल्याउठल्या घोटभर जास्त पाजायचं. आमच्या घरात चहाबाबत हेच धोरण आहे.

ती चकती झिजली होती आणि तिला फिरवणारी तारही गंजून आपल्याच वेटोळ्यात रुतली होती. दोन्ही बदलायचं ठरलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून मला सुट्या भागांची धास्ती आहे. नाना पेठेत तीन दुकानांनी नुसत्याच माना हलवल्या. चौथ्याने पोटमाळ्यावरून खोका काढला, फुंकर मारून धूळ माझ्याच अंगावर उडवली आणि अशी किंमत सांगितली, की घासाघीस करायचंही सुचेना.

चकती बसवणं मिस्त्रींचं काम. तार ओवायचं मी हट्टाने मागून घेतलं. डॅशबोर्डाखाली पाठीवर झोपून, बॅटरी दातात धरून, पत्र्यातल्या रबरी बुचातून तार पलीकडे सारायची. दोनदा ती भलतीकडेच निघाली. शेवटी कार्बोरेटरच्या छोट्या दांडीपाशी पोचली तेव्हा मी उत्साहाने ती ताणून स्क्रू आवळायला लागलो. मिस्त्रींनी हात धरला. "एवढी ताठ नको. नॉब पूर्ण आत असताना तांदळाच्या दाण्याएवढी ढील ठेवा. नाहीतर चोक कायम थोडा उघडाच राहील, आणि पुन्हा तुम्ही माझ्याकडे."

वडील नॉब ओढायचे आणि मग बोटं त्याच्यावरच ठेवून बसायचे. इंजिन तापत जाई तसा नॉब चिमटीचिमटीने आत जाई. कधी ढकलायचं ते कसं कळतं, असं मी विचारलं की म्हणायचे, "ऐक." मी ऐकायचो. मला नुसतीच घरघर ऐकू यायची. इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि हे ऐकण्याचं काम कंप्युटरकडे गेलं. तक्रार नाही; माझी रोजची गाडी तशीच आहे आणि पहाटे ती मला काहीच विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉब पूर्ण ओढला. नवी तार सरकन आली. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिनाने पेट घेतला, आवाज वर चढला. मी बोटं नॉबवर ठेवून बसलो. आवाजात काही बदललं असावं, पण नक्की काय ते कळेना. आई कधी गाडी शिकली नाही, स्टिअरिंगला तिने हातही लावलेला नाही. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाच्या बाजूला आहे, तिथून पोह्यांच्या फोडणीमागोमाग तिचा आवाज आला.

"अरे, ढकल की आत आता!"