बाबा, कागद काढू नका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उल्हासनगरची कचेरी सुटल्यावर लोकलने अंबरनाथला घरी आलो. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. चाळीतल्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा सडा पडला होता. सौ. केरसुणी घेऊन उभी आणि आमची आठवीतली मुलगी ओरडतेय, "आई, थांब! यात राणी आहे!"

मी म्हणालो, "अगं, ही सगळी वाळवी."

"सगळी नाही, बाबा. नीट बघा."

तिने समजावून सांगितले. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. तिने धरलेल्या मुंगीला तर पंखच नव्हते. मीलनानंतर राणी स्वतःचे पंख मोडून टाकते; त्यांचे व्रण तेवढे अंगावर राहतात. पंखांचे स्नायू असल्यामुळे शरीराचा मधला भाग फुगीर असतो आणि पोटही मोठे. कामकरी मुंगी अशी नसते. ही आपल्या नेहमीच्या काळ्या मुंगळ्याची राणी होती. शास्त्रज्ञ त्याला कॅम्पोनोटस काँप्रेसस म्हणतात.

घरही तिनेच केले. काचेच्या परीक्षानळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी दुसरा बोळा. ओलावा टिकतो, हवाही जाते. वरून काळा कागद गुंडाळला.

पुढे माझी चूक झाली. मी वस्तीत काम करणारा माणूस. चांगली गोष्ट दहा जणांना दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. रोज कागद काढून शेजाऱ्यांना राणी दाखवली. बिचारी उपाशी म्हणून साखरेचा पाकही घातला. तिने घातलेली अंडी आठवड्यात नाहीशी झाली. त्रास झाला की राणी आपलीच अंडी खाते. पाकाला बुरशी आली आणि राणी मेली. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

नंतर कळले, तिला खाऊ नकोच होता. आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिली पिल्ले वाढवते. राणी म्हटले तरी ती हुकूम सोडत नाही. पहिल्या खेपेला आई, दाई आणि शिदोरी सगळे तीच.

गेल्या पावसाळ्यात बदलापूरला बहिणीकडे दुसरी राणी सापडली. या वेळी नळी कपाटात कपड्यांमागे गेली. "महिनाभर हात लावायचा नाही, बाबा." चाळिसाव्या दिवशी कागद काढला, तर आत चार कामकरी! आईच्या अंगावरच वाढलेल्या, म्हणून पहिल्या मुंग्या चणीने लहानच असतात. मग मात्र साखरपाण्याचा थेंब आणि मेलेल्या डासाचा तुकडा दिला.

पालकांनो, मुलांनी राणी धरली तर एक लक्षात ठेवा. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या स्थितीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. एवढे निभावणार नसेल, तर ओल्या मातीत सोडून द्या.

मुलगी आता दहावीत आहे. ती अभ्यासाला बसली की मी दर अर्ध्या तासाने डोकावतो. दूध हवे का, पंखा लावू का. परवा तिने पुस्तकातून मानही वर केली नाही. म्हणाली, "बाबा, कागद काढू नका."

मी दार हळूच लोटून घेतले.