रक्ताच्या वाटेवरची जाळी

घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत अंधार पडल्यावर उतरणाऱ्या वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी. प्राण्याच्या शरीरातली जाळीदार रचना नुसत्या डोळ्यांना इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. त्वचेचे दोन पापुद्रे पाठीला पाठ लावून चिकटलेले असतात आणि त्यांच्यामध्ये लवचीक तंतूंची एक व रक्तवाहिन्यांची एक अशा दोन जाळ्या असतात. पंख उजेडासमोर आला की दोन्ही उमटतात. इलॅस्टिन तंतूंचे जुडगे अंगाकडून बोटांकडे गेलेले, तर बारीक स्नायू त्यांना आडवे छेदणारे. पंख मिटताना तंतू आखडतात, कातडीला बारीक चुण्या पडतात आणि ती लोंबत नाही.

रक्तवाहिन्यांची जाळी त्याहून विलक्षण आहे. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले. पण रोहिणीतले रक्त नीलेत पोचते कसे, हे त्यांना दाखवता आले नाही. मार्चेल्लो मालपिगी यांना १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या आणि ती फट बुजली. पुढे १८५२ मध्ये थॉमस व्हार्टन जोन्स यांनी जिवंत वटवाघळाचा पंख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पंखातल्या नीला स्वतःच ठेक्यात, मिनिटाला सुमारे दहा वेळा, आकुंचन पावत होत्या. नीलांमधल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत, म्हणून प्रत्येक आकुंचनाने ते हृदयाकडे ढकलले जाते.

झाडाची फांदी मोडली की पुढचे सारे वाळते. जाळीत फेरे असतात. एक वाहिनी बंद पडली तरी शेजारच्या वाटेने रक्त पुढे जाते. जाळीचे खरे बळ या फेऱ्यांत आहे. तरीही त्याला मर्यादा आहे: अनेक वाटा एकदम तुंबल्या तर फेराही उपयोगी पडत नाही.

केशवाहिनीचे तोंड पाच ते दहा मायक्रोमीटर, तर माणसाची तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद. अरुंद वाहिनीतून जायचे तर पेशीला दुमडावेच लागते. ते जमते पेशीच्या आवरणाला आतून चिकटलेल्या स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या षट्कोनी जाळीमुळे. ती ताणली जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते. सुमारे १२० दिवस पेशी याच जाळीवर तगते.

पालघरसह महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात ही लवचीकता हरवते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू बनवतात. पेशी विळ्यासारखी वाकते, वारंवार वाकून आवरणाची जाळीही बिघडते आणि पेशीचे आयुष्य दहा-वीस दिवसांवर येते. केशवाहिन्या तुंबतात, हाडे, छाती आणि पोटात असह्य कळा येतात.

अशा रुग्णाच्या तपासणी-कागदावर ‘रेटिक काउंट’ बहुधा वाढलेला असतो. रेटिक म्हणजे अस्थिमज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली कोवळी तांबडी पेशी. विशिष्ट रंग दिल्यावर तिच्यात निळी जाळी दिसते, मात्र ती जिवंत पेशीत नसते. उरलेले आरएनए रंगामुळे साकळून ती तयार होते. सूक्ष्मदर्शकातली प्रत्येक जाळी खरी मानू नये, हे या एका उदाहरणावरून पक्के ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्लीहेतली जाळी मात्र अगदी खरी. चांदीच्या क्षारांनी काळे होणारे बारीक कोलॅजन तंतू तिथे विणलेले असतात आणि रक्त त्यांच्यातून झिरपते. पुढे एक मायक्रोमीटरच्या आसपास रुंदीच्या फटींतून प्रत्येक पेशीला निसटावे लागते. ताठर पेशी इथेच अडकतात. सिकलसेलच्या अनेक मुलांची प्लीहा यामुळे लहान वयातच निकामी होते, आणि रक्तातले जंतू गाळणारी चाळण गेल्याने न्यूमोकोकससारख्या जंतूचा संसर्ग जिवावर बेततो. म्हणून अशा बालकांना पेनिसिलिन आणि लस वेळेवर मिळणे फार महत्त्वाचे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. हे हिमोग्लोबिन ताठ तंतूंत सामील होत नाही, त्यामुळे तंतू वाढायला अडथळा येतो आणि कळांचे झटके कमी होतात.