किनाऱ्यावरचा 'समुदाय' म्हणजे नक्की कोण?

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांच्या हातात संशोधन दिलं, असं सगळीकडे सांगितलं जातंय. फील्ड प्रोजेक्ट आला, सामुदायिक सहभागाचे श्रेयांक आले, चौथ्या वर्षाला 'संशोधनासह ऑनर्स' अशी पदवी आली. कोकणातल्या महाविद्यालयांना यासाठी विषय शोधत फिरावं लागत नाही, समुद्र दारातच आहे. त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत किनाऱ्यावरच्या प्रोजेक्टांचा सुकाळ झाला आहे. प्लॅस्टिक, कांदळवन, किनाऱ्याची धूप, चक्रीवादळ, मच्छीमारांचे प्रश्न. विषय वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की या प्रोजेक्टांच्या मुखपृष्ठावर 'किनारी समुदाय' असा जो शब्द छापलेला असतो, तो उघडून बघा. त्यात आपली बौद्धवाडी सापडते का?

मी रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या गावांत काम करते. समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा ग्रामीण समुदाय या प्रकरणावर आम्हाला हमखास प्रश्न यायचा आणि उत्तरात 'आम्ही-भावना' लिहिली की गुण मिळायचे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या या कौतुकाची सालं काढली होती, ते त्या प्रकरणात कुठेच नव्हतं. आजही नाही. मग त्याच पुस्तकावर वाढलेला प्राध्यापक मुलांना घेऊन गावात उतरतो, सरपंचांच्या ओटीवर बसतो, कोळीवाड्यात प्रश्नावली भरतो, किनाऱ्यावर प्लॅस्टिक गोळा करतानाचे फोटो काढतो आणि गाडी परत जाते. गावाच्या शेवटी, बांधाला लागून असलेल्या वाडीत पाऊल पडत नाही. कारण आपण मासेमारी करत नाही. संशोधनाच्या व्याख्येत किनारा म्हणजे होडी आणि जाळं. कोळी, खारवी, गाबीत, भोई, दालदी यांचे प्रश्न खरे आहेत आणि लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांनी जी वर्षानुवर्षं झुंज दिली तिचा मला आदरच आहे. पण खाडीच्या चिखलात बसून तिसऱ्या आणि कालवं काढणारी बाई, दुसऱ्याच्या वाडीत नारळ पाडणारा माणूस, खाऱ्या बांधावर माती टाकणारा मजूर, पावसाळ्यात खाडीत मासे धरून पोट भरणारा कातकरी, हे किनाऱ्यावर राहतात की डोंगरावर?

निसर्ग चक्रीवादळाचं उदाहरण घ्या. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग भागातल्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. ती ज्याच्या सातबारावर बाग होती त्याला मिळाली, मिळायलाच हवी होती. पण सुपारी पिकायला पुन्हा सहा-सात वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं त्या बागेतली मजुरीही बुडते. सुपारी सोलणाऱ्या बायका, शिंपणं करणारे गडी, झाडावर चढणारे पाडेली यांच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कुठल्या रकान्यात करायचा? हेक्टर नाही तर नुकसान नाही. हा प्रश्न घेऊन कुठल्या महाविद्यालयाचा प्रोजेक्ट झाला असेल तर मला जरूर कळवा, मी तो वाचायला बसले आहे.

आणि हेक्टर का नाही, याचं उत्तर समुद्रशास्त्रात मिळत नाही. ते खोतीत आहे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्याआधी चरीचा संप १९३३ पासून चालू होता, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही आपल्या वाट्याला आली ती जागा गावात सगळ्यात खालची, बांधाशेजारची. कोकणात कुठल्याही गावाचा उतार बघा आणि घरं कुणाची कुठे आहेत ते बघा. मला वेगळा नकाशा काढून दाखवायची गरज नाही.

पण तो नकाशा काढावा लागला, आणि तो मुलींनी काढला. त्याबद्दलच खरं लिहायचं होतं.

मागच्या वर्षी एका महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या पाच मुली माझ्याकडे फील्ड प्रोजेक्टसाठी आल्या. दोन श्रेयांक, श्रेयांकाला ३० तास धरले तर साठ तासांचं काम. पाचातल्या दोघी आमच्या वाडीतल्या, एक कुणब्याची, एक आगऱ्याची, एक मुसलमान. 'ताई, कचऱ्यावर करू का?' असं त्यांनी विचारलं. मी त्यांना वाडीतल्या एका आजीकडे नेलं. आजी म्हणाली, "कचऱ्याचं काय करता गं? शिमगा झाला की आमचं पाणी मचूळ होतं. चहा फाटतो. ते लिहा." त्यावर दुसरा विषय शोधायचं कारणच उरलं नाही.

पाणी मचूळ का होतं, याचं विज्ञान अवघड नाही. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी तोललेलं असतं. म्हणजे वरून एक फूट उपसलं की खालून चाळीस फूट खारं वर सरकायला मोकळं. त्यामुळे विहिरीचा प्रश्न फक्त त्या विहिरीचा राहत नाही. दोरी-बादलीने पाणी शेंदणारी वाडी आणि दिवसभर पंप चालवणारी बाग किंवा रिसॉर्ट एकाच पाण्यावर असतात, पण खारं आधी येतं ते खालच्या विहिरीला. शिवाय बाहेरचा बांध. पूर्वी जोळ पद्धतीने सगळं गाव मिळून खारबंदिस्तीची डागडुजी करायचं. त्यात कष्ट कुणाचे जास्त आणि भात कुणाचं जास्त, हा वेगळा लेख होईल. नंतर बांध सरकारी झाले, १९७९ चा खारजमीन विकासाचा कायदा आला, आणि आता खांड पडलं की कार्यालयातल्या फाइलीला पाय फुटेपर्यंत उधाणाची भरती शेतात येत राहते. शेत पडीक झालं की त्यात कांदळवन उगवतं आणि मग तिथे वनखात्याची पाटी लागते.

मुलींनी दोन गोष्टी केल्या. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर वर्गणीतून घेतला आणि गावातल्या सगळ्या विहिरींची महिन्यातून दोनदा नोंद ठेवली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मीटर कुठला क्षार आहे ते सांगत नाही. त्यासाठी क्लोराइडची चाचणी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत करावी लागली आणि ती परवानगी मिळवायला जितके अर्ज लिहिले तितके तर प्रोजेक्टात पानं नव्हती. असो.

खरी अडचण वेगळीच आली. वरच्या आळीतल्या विहिरी खासगी. पहिल्याच दिवशी एका घरात विचारणा झाली, "तुम्ही कोणाच्या?" तीन मुलींनी आडनावं सांगितली. आमच्या वाडीतल्या दोघींनी सांगितली तेव्हा घरधनी म्हणाले, "पाणी आम्ही काढून देतो, तुम्ही बाटली तिथे ठेवा." कुणी अंगावर धावून आलं नाही, शिवी दिली नाही. चहासुद्धा विचारला. फक्त बाटली विहिरीत सोडायची नाही. हे गाव महाडपासून एसटीने दोन तासांच्या आत आहे आणि १९२७ ला तळ्याचं पाणी कशासाठी प्यायलं ते त्या दोघींना शाळेच्या भाषणापासून पाठ आहे. संध्याकाळी त्यांनी ठरवलं की वहीत प्रत्येक विहिरीपुढे आणखी एक रकाना आखायचा: नमुना कुणी काढला. मी काही सुचवलं नव्हतं. समाजशास्त्राच्या पद्धतिशास्त्राच्या पेपरात दोन वर्षांत मी जे शिकले नाही ते त्या एका रकान्यात आहे.

शिमग्यानंतर वाडीतल्या दोन विहिरी मर्यादेबाहेर गेल्या. वरच्या आळीतल्या विहिरी जूनपर्यंत गोड राहिल्या. मुलींनी गावाचा नकाशा काढून त्यावर रंग भरले तेव्हा खाऱ्या पाण्याची रेषा आणि वाडीची हद्द जवळजवळ एकमेकांवर बसली. महाविद्यालयातल्या फेरीत एका परीक्षकांनी भित्तिपत्रक बघून विचारलं, "यात नवीन काय? किनाऱ्याजवळ पाणी खारं असणारच." वाडीतली मुलगी म्हणाली, "सर, पाणी किनाऱ्याजवळ आहे, पण आम्हाला किनाऱ्याजवळ कुणी ठेवलं?" त्यांना नंबर मिळाला नाही. नंबर कांदळवनाच्या ड्रोन फोटोंना मिळाला. फोटो खरंच सुंदर होते.

आता मुद्द्याकडे येते. वाडी खाली आहे म्हणून पाणी खारं, की वरच्या पंपांमुळे, की बांधाच्या खांडामुळे, हे साठ तासांत सिद्ध होत नाही. त्यासाठी विहिरींची पाण्याची पातळी मोजावी लागेल, पंपाचे तास नोंदवावे लागतील, भरतीचं वेळापत्रक जोडावं लागेल, दोन उन्हाळे तरी लागतील. म्हणजे नेमकं चौथ्या वर्षाचं संशोधन, ज्याच्या प्रबंधाला १२ श्रेयांक आहेत. आणि त्याची अट काय? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण. ज्या मुलीने तो रकाना आखला, ती काजूच्या हंगामात सकाळी कारखान्यात बिया सोलते आणि अकराच्या एसटीने महाविद्यालयात येते. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली असतात. तिला साठ-बासष्ट टक्के पडतात. पीएचडीच्या प्रवेशात आपल्या मुलांना ५ टक्क्यांची सवलत तरी आहे, इथे त्या दारापर्यंत पोचण्याचीच गाळणी लावून ठेवली आहे. गुणवत्तेचा प्रश्न असता तर मी वाद घातला नसता. प्रश्न विचारण्याची कुवत आणि लेखी परीक्षेतले गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांनी शिकवलं आहे त्या सगळ्यांना माहीत असतं.

दुसरं, पैसा. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम चालवतं, त्यात सागरी आणि किनारी विषयांची कितीतरी केंद्रं आहेत. उन्हाळ्याचे काही आठवडे मुलं तिथे काम करतात आणि त्यांना त्याचं विद्यावेतन मिळतं. अमेरिकेचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही, तिथेही काळ्यांच्या वस्त्या पाणी शिरणाऱ्या सखल भागात का असतात हे आपल्याला कळतं. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली: संशोधन हे काम आहे आणि कामाला दाम लागतो. आपल्याकडे ते सेवा आहे. सेवा कोण करू शकतो? ज्याच्या घरी संध्याकाळची चूल दुसऱ्याच्या मजुरीवर पेटते तो.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या स्थितीचे हाताने रंगवलेले तक्ते मांडले होते. ते तयार करायला अटलांटा विद्यापीठातले त्यांचे आजी-माजी विद्यार्थी होते. गुलामीतून सुटून जेमतेम एक पिढी झाली होती. जमीन किती, शाळा किती, धंदे कोणते, हे त्यांनी स्वतः मोजलं आणि स्वतः रंगवलं. याच ड्युबॉइसना बाबासाहेबांनी १९४६ ला पत्र लिहिलं होतं. आणि बाबासाहेबांचा जातीवरचा गाजलेला निबंध तरी काय होता? ९ मे १९१६ ला कोलंबियात, वयाच्या पंचविशीत, एका चर्चासत्रात विद्यार्थी म्हणून वाचलेला पेपर. आपल्या चळवळीत वक्ते भरपूर आहेत, मोजणारे कमी आहेत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला जातात त्याच्या शंभराव्या भागात एका वाडीचा मीटर येतो. हे वाक्य काहींना टोचेल, टोचू द्या.

आम्ही सध्या दोन अर्ज केले आहेत. एक ग्रामपंचायतीला, उन्हाळ्यापुरता वाडीला टँकर आणि वाडीतल्या नळाला ठरलेलं पाणी मिळावं म्हणून. सोबत मुलींची वही जोडली. ग्रामसेवकांनी ती दोनदा उलटून बघितली आणि विचारलं, "हे कोणत्या खात्याने केलं?" दुसरा अर्ज महाविद्यालयाला, ७५ टक्क्यांच्या अटीबाबत आपलं म्हणणं विद्यापीठाला कळवावं म्हणून. उत्तर आलेलं नाही. मुली तोवर थांबलेल्या नाहीत. प्रोजेक्टचे गुण कधीच लागले, तरी महिन्यातून दोनदा मीटर फिरतो आहे, आणि वरच्या आळीतल्या एका घराने, फक्त एकाच, मार्चमध्ये बाटली त्यांच्याच हाताने सोडू दिली. त्या तारखेपुढचा रकाना तिने लाल पेनने भरलाय.

श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, गुहागर या पट्ट्यात ज्यांच्या वाडीत उन्हाळ्यात पाणी बदलतं, त्यांनी आपापल्या महाविद्यालयातल्या मुलांना हे काम यंदाच्या प्रोजेक्टसाठी मागायला सांगा. खाडीकाठच्या सगळ्याच वाड्यांत हे आहे असा माझा दावा नाही, पण मोजल्याशिवाय आहे की नाही तेही कळणार नाही. विहीर कुणाची, तारीख, वेळ, मीटरचा आकडा, नमुना कुणी काढला, एवढे रकाने पुरे. त्या वेळी भरती होती की ओहोटी तेही लिहा, नाहीतर नंतर दोन गावांचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.