मधली खुर्ची

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक जुना स्टीरिओ विकत घेतला ही वार्ता आमच्या स्नेहमंडळींत एव्हाना षट्कर्णी झालेली आहे, आणि तिच्यावर त्यांचे जे काही म्हणणे आहे तेही फिरून आमच्या कानांवर आलेले आहे. खिशातल्या फोनमध्ये जगातले सारे संगीत मावत असता, मणभर लाकूड आणि लोखंड हमालांकरवी तीन जिने वर चढवून घेणाऱ्या गृहस्थाचे चित्त ठिकाणावर नसावे, हा त्या म्हणण्याचा मथितार्थ. आम्ही वाद घातला नाही. ज्या वयात अशी वस्तू घरात आणावयाची त्या वयात ती आमच्या ऐपतीबाहेर होती. ऐपत आली तोवर कॅसेटी आल्या, त्यांच्या मागून सीडी आल्या, आणि पुढे तर गाणे विकत घेण्याचेच कारण उरले नाही. आमच्या तरुणपणी समोरच्या बिऱ्हाडात असा एक संच होता. रविवारी सकाळी त्या घरची खिडकी उघडी असे, आणि आम्ही आमच्या गॅलरीच्या कठड्याला टेकून दाढीचा साबण गालांवर वाळेपर्यंत ऐकत उभे राहत असू. त्या फुकट ऐकलेल्या गाण्याची उधारी चाळीस वर्षांनी फेडली, एवढेच आमचे समर्थन.

मुंबईत अशा वस्तूचा शोध घेणाराची पावले मटन स्ट्रीटकडे वळतात. चोरबाजार हे त्या मुलखाचे लौकिक नाव. शुक्रवारी तेथली दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर भलताच बाजार अंथरलेला असतो, हे ज्ञान आम्हांस दोन शुक्रवार खर्ची घातल्यावर प्राप्त झाले. याच वस्तीच्या आसऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भेंडीबाजार घराण्याची गायकी वाढली. अंजनीबाई मालपेकरांनी ज्या नजीर खाँसाहेबांची तालीम घेतली ते या घराण्याच्या मूळ पुरुषांपैकी. त्या गायकीची आठवण तेथल्या दुकानदारांपैकी कितीजणांस असेल कोण जाणे. परंतु कर्ण्याचे ग्रामोफोन, व्हॉल्व्हचे रेडिओ आणि मुक्या झालेल्या स्पीकरांच्या पेट्या यांच्या राशी तेथे आढ्याला भिडलेल्या आहेत.

दुकानदाराने प्रथम पुढे केले ते एक अमेरिकन यंत्र. रूप तर असे, की पाहता क्षणीच आम्ही घासाघीस करण्याची इच्छा गमावून बसलो. ते ११० व्होल्टचे होते, पण ‘ट्रान्सफॉर्मर आपल्यातर्फे,’ असे औदार्यही त्याने दाखविले. त्याने त्यावर एक तबकडी लावली, आणि गाणाऱ्या बाई एखाद्या पोक्त गृहस्थासारख्या गाऊ लागल्या. साथीचा तबला पेंगत होता. याचे कारण मौजेचे आहे. त्या काळच्या अशा यंत्रांतील मोटरीची गती विजेच्या आवर्तनांवर ठरते, आणि ती अमेरिकेत सेकंदाला ६० तर आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तने त्याच्याने बदलत नाहीत. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यावयाचे ती तबकडी २८ देखील घेत नाही, आणि गाणाराची पट्टी सहास पाच या प्रमाणात उतरते. आता सहास पाच म्हणजे षड्जापासून कोमल गांधाराचे अंतर! उतरण्यातही यंत्राने सूर सोडला नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही. मोटरीवरची लहानशी कप्पी बदलली की हा दोष जातो. पण ती कप्पी मिळविण्यासाठी अमेरिकेत एखादा आज्ञाधारक भाचा असावा लागतो. आमचा भाचा आहे, आज्ञाधारक नाही. ते यंत्र आम्ही तेथेच ठेवले.

अखेर घेतले ते इंग्लंडातील स्विंडन गावच्या गॅरार्ड कंपनीचे टर्नटेबल. ही कंपनी मुळात लंडनच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ साली काढलेली. पहिल्या महायुद्धात ती तोफांसाठी अंतर मोजण्याची उपकरणे करी, आणि युद्ध संपल्यावर ग्रामोफोनच्या चावीच्या मोटरी करू लागली. तोफांच्या धंद्यातून गाण्याच्या धंद्यात इतक्या सरळ वाटेने आलेले दुसरे कोणी आमच्या ऐकिवात नाही. जोडीला सत्तरीच्या दशकातला देशी बनावटीचा एक ॲम्प्लिफायर आणि सागवानी पेटीतले दोन स्पीकर. किंमत येथे सांगत नाही. हे मासिक आमच्या घरीही येते.

घरी आणल्यावर संच बोलेना. पन्नास वर्षांत यंत्रातले ग्रीस मेणासारखे थिजले होते, चकती फिरवणाऱ्या रबरी चाकाचा दगड झाला होता, आणि स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कड बोट लावताच शिळ्या भाकरीसारखी चुरली. ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर सुकल्यामुळे गाण्याआधी एक गंभीर घुमारा येई. तो आम्हांस काही काळ तंबोऱ्याचा वाटला, हे कबूल केले पाहिजे. यांपैकी एकही दोष कारखान्याचा नव्हता. इतक्या वर्षांत आमचेही ग्रीस थिजलेलेच आहे. सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री मिळाले. त्यांनी तीन आठवडे येऊनजाऊन, कमी बोलून, ते सारे मार्गी लावले.

दोन स्पीकरांची ही युक्ती ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याची. १९३१ साली तो पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असता, पडद्यावरचा नट एका बाजूस चालत गेला तरी त्याचा आवाज जागचा हालत नाही, ही विसंगती त्याला खटकली, असे सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने पेटंटासाठी अर्ज केला. एकाच खाचेच्या दोन उतरत्या भिंतींवर दोन बाजूंचे आवाज निरनिराळे कोरावयाचे आणि एकाच सुईने ते एकदम उचलावयाचे, ही कल्पना त्यात होती. १९४२ मध्ये विमानातून रडारची चाचणी घेत असता ते विमान कोसळून तो गेला. वय अवघे अडतीस. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

ब्लमलाइनने ही कल्पना पत्नीच्या शेजारी बसून काढली असेल, पण तिचे फळ एका वेळी एकालाच चाखता येते. दोन स्पीकर आणि ऐकणाराचे मस्तक यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. ध्वनी एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोहोचतो तो फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर; तेवढ्यावर आणि आवाजाच्या लहानमोठेपणावर मेंदू दिशा ठरवितो. हातभर बाजूला सरकलात, की सारा देखावा जवळच्या स्पीकरात जाऊन बसतो. तेव्हा दिवाणखान्यात मोजून मापून एक खुर्ची मध्यावर मांडली गेली आणि अर्थातच तीवर आम्ही बसू लागलो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची तबकडी तीवर बसून ऐकली तेव्हा शिवकुमारांचे संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि हरिप्रसादांची बासरी यांच्यामधली मोकळी जागासुद्धा ऐकू आली. तबकडीच्या पाकिटावरील ई.सी.एस.डी. या अक्षरांवरून स्टीरिओ आणि ई.सी.एल.पी. वरून मोनो ओळखावयाचे, हेही आम्ही शिकलो आणि शेजाऱ्यांस शिकविले. सौ. कोचाच्या कडेला बसून भाजी निवडीत असे. ‘एका माणसाचं यंत्र आहे हे,’ असे ती एकदाच म्हणाली.

परंतु घरातल्या चांगल्या तबकड्या तिच्या होत्या. आमच्या सासूबाईंचा ७८ फेऱ्यांचा संग्रह एका पत्र्याच्या ट्रंकेत धोतराच्या घड्यांमध्ये जपलेला आला होता. त्यात हिराबाई बडोदेकर होत्या, त्यांचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब होते. लाखेच्या या तबकड्यांना सुई जाड टोकाची लागते. ती मिळविली. या तबकड्या मोनो. मात्र त्या स्टीरिओ यंत्रावर लावून मोनोचे बटण दाबले, की खरखर पुष्कळ ओसरते. आवाज खाचेत आडवा कोरलेला असतो, आणि सुईच्या वरखाली उडण्याने होणारी खरखर दोन्ही बाजू एकत्र येताच परस्परांस खाऊन टाकते. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरांना एकच आवाज सारखा जातो, म्हणून गाणारी व्यक्ती नेमकी मध्ये, समोरच्या मोकळ्या भिंतीशी बसलेली भासली पाहिजे.

आमच्या हिराबाई मध्ये बसेनात. त्या डावीकडे, पुस्तकांच्या कपाटाकडे कललेल्या असत. आम्ही ‘बॅलन्स’चे बटण उजवीकडे फिरविले तेव्हा कोठे त्या भिंतीशी आल्या, आणि स्वयंपाकघरातून सौ. ओरडली, ‘अहो, सगळं गाणं त्या खिडकीत का लोटलंत?’ तिला यंत्रातले काय कळते, असे मनात म्हणून आम्ही मिस्त्रींना निरोप धाडला.

ते आले, मधल्या खुर्चीत बसले, डोळे मिटून निम्मी तबकडी ऐकली आणि म्हणाले, ‘आवाज मध्येच आहे, साहेब.’ आम्ही ऐकेनात. त्यांच्या वयाकडे पाहून त्यांच्या कानांविषयी एक शंकाही आमच्या मनात येऊन गेली. मग ते निमूटपणे कामाला लागले. त्यांनी टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. दोष सुईत असता तर हिराबाई खिडकीकडे गेल्या असत्या. त्या कपाटाशीच राहिल्या. स्पीकरच्या तारा बदलल्या. दोष ॲम्प्लिफायरचा असता तर तो उघडा पडला असता. त्या कपाटाशीच. सरतेशेवटी त्यांनी दोन्ही पेट्या उचलून एकमेकींच्या जागी ठेवल्या, तरी हिराबाईंनी कपाट सोडले नाही. मिस्त्रींनी कपाळावरचा घाम पुसला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘साहेब, जरा खुर्ची उलटी फिरवून बसता का? यंत्राकडे पाठ करून.’

आम्ही बसलो. तबकडी सुरू झाली, आणि हिराबाई सावकाश उठून खिडकीकडे गेल्या.

खिडकी आता आमच्या डाव्या हाताला होती.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी पेट्या परत जागच्या जागी ठेवल्या, पेचकस पिशवीत टाकले आणि येण्याजाण्याच्या भाड्यावर एक पैसा घेतला नाही. ‘मशीन ठीक आहे,’ एवढेच दारातून म्हणाले. तेवढे ऐकावयास आम्हांस मान वळवावी लागली, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

त्या रात्री जेवताना ज्या गोष्टीचा विचार सुचला ती येथे लिहावी की नाही याविषयी आम्ही बरेच दिवस घोळ घातला. गेली दोन-तीन वर्षे आम्ही सौ.ला एक दूषण देत आलो होतो, की तू हल्ली पुटपुटतेस. शब्द स्पष्ट उच्चारीत नाहीस. वाक्याची शेपटी गिळतेस. ते आम्ही चारचौघांत, पाहुण्यांसमोर, विनोदाने आणि पुढे पुढे विनोदाशिवायही म्हटलेले आहे. तीही अलीकडे जेवताना फारशी बोलेनाशी झाली होती. त्याचा दोष आम्ही वयाला दिला होता, तिच्या वयाला. आमच्या टेबलाशी तिची जागा, लग्न झाल्यापासून, आमच्या उजव्या हाताला आहे.

कानाच्या डॉक्टरांनी आम्हांस एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक सूर ऐकविले आणि कागदावर दोन रेघा काढून दिल्या. डाव्या कानाची रेघ वयाला शोभेल अशी उतरती. उजव्या कानाची मात्र उंच स्वरांपाशी कड्यावरून उडी टाकते. एकाच कानाचे असे का, म्हणून आणखी एक तपासणी झाली. तीत चिंतेचे काही निघाले नाही. क, त, स, श ही अक्षरे त्या उंच स्वरांतच राहतात, असे डॉक्टर म्हणाले, आणि नेमकी तीच वाक्यातून गळत होती. कानात घालावयाचे यंत्र त्यांनी सुचविले आहे. ते आम्ही घेऊ. नव्या यंत्राच्या बाबतीत आम्ही नेहमीच मंद असतो.

सौ.ला त्या दोन रेघा दाखविल्या. तिने कागद खिडकीशी नेऊन नीट पाहिला आणि घडी घालून ट्रंकेत, तबकड्यांच्या वर, ठेवून दिला. आम्ही क्षमा मागावयास आरंभ केला तर म्हणाली, ‘पोळी गार होते आहे.’

बॅलन्सचे बटण आता आकड्यांच्या बरोबर मध्यावर आहे. ते फिरविण्यापेक्षा आमची खुर्चीच खिडकीच्या बाजूस दीड हात सरकविणे सोयीचे ठरले. उजवा स्पीकर जवळ आला, आणि हिराबाई पुन्हा भिंतीशी, जेथे बसावयाच्या तेथे, बसल्या. निदान आम्हांस तसे वाटते. त्रिकोणाच्या टोकाशी मोकळी जागा राहिली; तेथे पहिल्या रविवारी सौ.ने स्वयंपाकघरातले स्टूल आणून ठेवले, दुसऱ्या रविवारी खुर्ची. ई.सी.एस.डी.च्या तबकड्याही आता ती निवडते. ‘अगबाई, ही बासरी कुठे लांब आहे!’ असे एकदा ती उद्गारली, तेव्हा लांब म्हणजे कोठे, हे आम्हांस तिला विचारावे लागले. तिने बोट दाखविले.

७८ ची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपते, म्हणून दर खेपेस कोणास तरी उठावे लागते. परवा सौ. उठली. जुनी तबकडी उतरवून पुढची पुसताना, आमच्याकडे न पाहता, नेहमीच्या हलक्या आवाजात ती म्हणाली, ‘आई ही लावायची तेव्हा आधी दाराला कडी घालायची.’

सारे शब्द आले. कडीतला क सुद्धा आला.

‘का?’ आम्ही विचारले.

पण तिने सुई टेकविली होती. मधल्या खुर्चीत येऊन बसता बसता तिने ओठांवर बोट ठेवून आम्हांस गप्प राहण्याची खूण केली.