फुलांचा डबा

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या वाढदिवसाला लेकीनं अमेरिकेतून फुलं पाठवायचं ठरवलं. दोन-तीन ठिकाणी पाहिलं. हैदराबादला पोचतात, नांदेडला पोचतात, उटनूरचा पिनकोड टाकला की लाल अक्षरात नकार. लेक फोनवर वैतागली. मी म्हटलं, ‘‘अगं, इथं कुरिअरवालासुद्धा फोन करून आम्हालाच चौकात बोलावतो, फुलं कोण आणून देणार दारात?’’

ती ओहायोतल्या एका छोट्या गावात राहते. गावात फुलांचं एकच दुकान, ते चालवणारी बाई सत्तरीची. नातू झाला तेव्हा लेकीच्या मैत्रिणीनं दुसऱ्या राज्यातून फुलं पाठवली होती. लेकीला वाटलं, विमानानं आली असतील. दुकानातली आजी हसली. म्हणाली, फुलं कुठं प्रवास करतात, निरोप प्रवास करतो. तिकडे 1910 सालापासून फुलवाल्यांची संघटना आहे. एका गावच्या फुलवाल्यानं दुसऱ्या गावच्या फुलवाल्याला तार करायची, पैसे आपसात वळते करायचे आणि फुलं जिथली तिथंच बांधायची. तरी गंमत पाहा, त्या आजीच्या दुकानातली पुष्कळ फुलं कोलंबिया आणि इक्वेडोरहून आलेली असतात. निरोप जवळचा, फूल परदेशी!

शेवटी लेकीनं तीच युक्ती केली. इथं बसस्टँडजवळ तिच्या वर्गातल्या एका मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. तिनं त्याला पैसे पाठवले, त्यानं समोरच्या फुलवाल्या अक्काला दिले आणि संध्याकाळी अक्का स्वतः आमच्या दारात. हातात केळीच्या पानाचा पुडा, त्यात चार मूर मोगरा. (मूर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप. इकडे गजरा मुरावर विकतात. अक्का बुटकी आहे, तिचा मूरही आखूड, यावरून गिऱ्हाइकं रोज भांडतात.)

पुडा सोडला आणि ओसरीभर वास पसरला. बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जपाला बसल्या होत्या. त्यांनी माळ थांबवली नाही, पण पाय मात्र आखडून घेतले.

आमच्याकडे फूल येत नाही. बाईंचा नियम आहे, फूल तोडायचं नाही, तोडलेलं घ्यायचं नाही. एकेंद्रिय जीव तोही जीवच. पूजेतल्या आठ द्रव्यांत पुष्प आहे, पण त्या जागी आम्ही केशरानं रंगवलेले तांदूळ वाहतो. सगळ्या दिगंबरांचं असं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे खरी फुलं वाहतात आणि श्वेतांबर मंदिरमार्गी तर प्रतिमेची फुलांची आंगी करतात. माझ्या माहेरीही याचं एवढं कडक नव्हतं. 1993 साली लग्न होऊन मी नांदेडहून इथं आले ती अंबाड्यावर गजरा माळूनच. दुसऱ्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, ‘‘आपल्यात चालत नाही बाई.’’ मी गजरा काढला. बी.ए. झालेली मुलगी, वाद घालता आला असता. नाही घातला. तीस वर्षं मग अंबाडा रिकामाच राहिला.

आणि गाव कोणतं, तर असं फुलांचं! फाल्गुनात पळसानं रानं पेटलेली, मग पहाटे झाडाखाली मोहाचा सडा. गोंड बायका टोपल्या भरून वेचतात. आता त्या फुलांचे लाडूही इथल्या आदिवासी बायका करून विकतात. (मोह म्हटलं की बाईंना दारूच आठवते, त्यामुळे लाडूची चव काही मला कळलेली नाही.) आणि पितृ-अमावस्येपासून नऊ दिवस बतुकम्मा. तंगेडू म्हणजे आपला तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू, झेंडू, शेवंती. ताटात फुलांचे थरावर थर रचून त्याचं शिखर करायचं, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी तळ्यात सोडायचं. शेजारच्या तेलुगू बायका मला दरवर्षी हात धरून नेतात. मी फेर धरते, टाळ्या वाजवते, फुलाला हात लावत नाही. कुणी कधी विचारलं नाही. गावात तेलुगू, गोंडी, मराठी, लमाणी, उर्दू सगळं एकात एक आहे, जो तो दुसऱ्याचा नियम सांभाळतो. 1956 पर्यंत किनवटसुद्धा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. रेघ नंतर पडली. आमची नाती रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

तर त्या संध्याकाळी चार मूर मोगरा मांडीवर घेऊन मी बसले आणि मला आई आठवली.

आई नांदेडला दादाकडे असते. ब्याऐंशी पूर्ण. दोन-तीन वर्षांपासून तिला माणसं ओळखू येत नाहीत. मला कधी तिची धाकटी बहीण समजते, कधी कामवाली. उटनूरहून नांदेड दोनशेच्या आसपास किलोमीटर, बसनं आदिलाबाद, पुढे किनवट-भोकर करत. इथं बाईंचं सोवळं, ह्यांचं पथ्य, दुकानातल्या माणसांचा चहा. वर्षातून तीनदा जाणं झालं तर खूप. आई रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मोगरा माळायची, हे मला एकदम आठवलं. वास आठवला, असं म्हणायला हवं.

आमच्या कापडाच्या दुकानाचा माल आणायला एक टेम्पो दर मंगळवारी नांदेडला जातो. पुढच्या मंगळवारी मी अक्काकडून मोगरा घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, वर पाणी शिंपडलं, गाठ मारली आणि ड्रायव्हरला दिला. रात्री वहिनीचा फोन आला. ‘‘ताई, पिशवीत काय पाठवलंत? सगळं तपकिरी झालंय, कुबट वास येतोय.’’

अक्कानं माझी हजेरीच घेतली. तिच्या मिश्र मराठीत म्हणाली, फूल श्वास घेतं, प्लॅस्टिकमध्ये त्याला घाम येतो, घामानंच ते कुजतं. उमललेला मोगरा पाठवायचाच नाही. मिटल्या कळ्या घ्यायच्या, केळीच्या पानात सैल गुंडाळायच्या, वरून ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं आणि भोकं पाडलेला डबा. पाणी टपकलं तर फडकं पुन्हा पीळ. कळी वाटेत उमलायला हवी. तिला स्वतःचा माल हैदराबादहून बसच्या टपावर ओल्या गोणपाटात येतो, ती शिकली ती त्यातूनच.

जुना स्टीलचा डबा काढला, ह्यांनी झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून दिली. या वेळी फुलं पोचली. वहिनीनं व्हिडिओ कॉल लावला. आईनं गजरा हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘‘तेल संपलंय ग, दिव्याला तेल आण.’’ तिच्या डोक्यात संध्याकाळ झाली होती. मी इकडे पदर तोंडात धरून बसले.

मग मी दर मंगळवारी डबा पाठवायला लागले. महिनाभर. बाई बघत होत्या, बोलत नव्हत्या. फुलांचा पुडा मी स्वयंपाकघरात न नेता ओसरीच्या कोपऱ्यात ठेवत असे.

एका मंगळवारी मी फोनवर जरा जास्तच उत्साहानं विचारलं, ‘‘आज आई काय म्हणाली ग?’’ वहिनी दमलेली होती. म्हणाली, ‘‘ताई, फुलं पाठवणं सोपं आहे. रात्री तीनदा उठावं लागतं, चादरी बदलाव्या लागतात. तेव्हा मोगऱ्याचा वास येत नाही.’’

फोन ठेवला. राग आला, मग राग यायला जागाच नाही हे कळलं. ती खरं तेच बोलली होती. आणि डबा? डबा दर वेळी रिकामा परत यायचा. आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. मला ते खुपत होतं, पण कुणाला सांगणार?

पुढच्या मंगळवारी मी डबा काढला नाही. बाईंनी दोनदा कोपऱ्याकडे पाहिलं. ‘‘आज काही पाठवायलीस का नाही?’’ मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईंपुढे माहेरचं रडले. त्या ऐकून म्हणाल्या, ‘‘जा की आठ दिवस. माझ्यासाठी अडू नको. मुगाची खिचडी मला येते अजून.’’

मी गेले. आठाचे पंधरा दिवस झाले. रात्री वहिनीला झोपायला सांगून मी उठत होते. तिसऱ्या रात्रीच कळलं की माझ्या डब्याबद्दल ती जे बोलली ते पुष्कळ कमी बोलली होती.

परत आले तो जून लागला होता. शाळेच्या आवारात जुनी बकुळ आहे, इकडे तिला पोगड म्हणतात. एका पहाटे उठून पाहते तो बाई घरात नाहीत. वय चौऱ्याऐंशी, पाऊस पडून गेलेला, माझा जीव उडाला. तेवढ्यात फाटकातून आत आल्या, ओच्यात बकुळीची फुलं. झाडाखाली पंचा अंथरून वाट पाहत बसल्या होत्या म्हणे.

‘‘बाई, तुम्ही?’’

‘‘तोडली नाहीत,’’ त्या जरा चिडूनच म्हणाल्या. ‘‘ताजं आहे तोवर जीव असतोच म्हणतात त्यात. पण तोडल्याचा दोष तरी आपल्या हाताला नाही.’’ मग एक फूल उचलून त्यांनी मला आरपार दाखवलं. गळून पडलेल्या बकुळीच्या मधोमध आपोआपच भोक असतं. ‘‘सुई टोचावी लागत नाही. देवानंच सोय केलीय.’’ देवानं केलं असं म्हणायची आपल्यात रीत नाही. बाई बोलून गेल्या आणि मीही दुरुस्त केलं नाही.

आम्ही दोघी ओसरीवर बसलो. त्यांची नजर अधू, दोरा मी धरला, फुलं त्या देत होत्या. बकुळीला केळीचं पान लागत नाही, फडकं लागत नाही. सुकली तरी वास धरून राहते, टेम्पोच्या उन्हातही. मोगऱ्यापायी मी महिनाभर केवढा उपद्व्याप केला होता! बाईंनी दोन सर करायला लावले. ‘‘एक तुझ्या आईला. एक त्या सुनेला. रात्री उठते ती.’’

वहिनीचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी. आईनं फूल तोंडात घातलं, ते काढताना पुरेवाट झाली, दादाला ताप आहे, नळाला पाणी नाही, असं सगळं सांगितलं. फुलांबद्दल काही बोलली नाही. ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘त्या डब्याचं झाकण सैल झालंय हो ताई. पुढच्या वेळी दोऱ्यानं बांधून पाठवा.’’

गुरुवारी टेम्पो आला. ड्रायव्हरनं डबा माझ्या हातात दिला तो जड लागला. झाकणावर दोरा गुंडाळलेला होता. आत राजगिऱ्याचे लाडू होते, मोजून अकरा. बाईंनी अंथऊच्या आधी त्यातला एक खाल्ला आणि गूळ थोडा कमी पडलाय म्हणाल्या.